परत आलेल्या पाकिटाचं काय करायचं

पुणे

चि. बंडू यास,

सिंगापूरच्या लिटल इंडियातल्या किराणा दुकानाच्या गाळ्याचं नक्की झालं हे वाचून फार आनंद झाला. बिलबुकं छपाईला जायची आहेत, म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुझा भागीदार म्हणतो, बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापून टाकू, कटकट नको. तुला वाटतं, सात दिवसांत काहीही परत घेऊ, नव्या दुकानाचं नाव होईल. मला दोन्ही पटत नाही. चूक आपली असेल तर माल हुज्जत न घालता परत घे. गिऱ्हाइकाला नुसता नकोसा झालेला खाण्याचा जिन्नस घेऊ नकोस. आणि कारण काहीही असो, परत आलेलं पाकीट पुन्हा फळीवर मांडायचं नाही.

यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. फ्रोजन ओल्या खोबऱ्याचं पाकीट बघ. गिऱ्हाईक सकाळी घेऊन जातं, तेक्का मार्केटात भाजी घेतं, बसने घरी पोचतं, पाकीट ओट्यावर राहतं आणि मग फ्रीजरमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी ते तुझ्याकडे परत येतं तेव्हा टणक असतं, सील शाबूत असतं. पण हातात घेऊन चेपून पाहिलंस तर आतला चव सुटा नसतो, त्याची एकच ढेप झालेली असते आणि प्लास्टिकला आतून बर्फाचे खडे धरलेले असतात. ते मधे वितळलं होतं, याचा एवढाच पुरावा. कितीतरी पदार्थांत तेवढाही मिळत नाही. बाजरीचं पीठ चार दिवस उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिलं तर कडू होतं, आणि सील फोडून चाखल्याशिवाय ते कळत नाही. सिंगापूरची हवा बारा महिने दमट. सेरंगून रोडवरच्या दुकानात खरेदीचं काम करताना तांदळातले पोरकिडे आणि रव्याला धरलेली जाळी मी इतकी पाहिली आहे की डोळ्यांआड गेलेल्या पाकिटाची हमी मी तरी कुणाला देणार नाही. पुढचं गिऱ्हाईक ते पाकीट आपल्या शब्दावर घेतं आणि घरी लेकराला भरवतं.

म्हणजे परत घेतलेला जिन्नस कचऱ्यातच जाणार. त्याचे पैसे मग कोण भरतं? जो बिचारा मोजून नेतो आणि संपवतो, तोच. कारण ती तूट तुला भावातच धरावी लागते. कपड्याच्या दुकानाला परत घेणं जमतं, सदरा पुन्हा घडी घालून ठेवता येतो. सिंगापूर नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणतं. तरीही २०२३ साली तिथे साडेसात लाख टनांहून जास्त अन्न वाया गेलं आणि त्यातल्या पाचव्या हिश्शाचाही पुनर्वापर झाला नाही. उरलेलं भट्टीत जळतं आणि राख सेमाकाऊ बेटावरच्या भरावात जाते. तो भरावही २०३५च्या सुमारास संपेल असं सरकारच सांगतं. लातूरकडची डाळ समुद्र ओलांडून तिथे जाते ती जाळण्यासाठी नव्हे.

फेब्रुवारी २०२० आठवतो का? ७ तारखेला कोविडच्या साथीचा इशारा नारिंगी पातळीवर गेला आणि त्याच संध्याकाळी लोक तांदूळ नि नूडल्स गोळा करायला धावले. दोन दिवसांत फेअरप्राइस या सुपरमार्केटला माणशी तांदळाच्या दोनच पिशव्या आणि भाजी पन्नास डॉलरपर्यंतच, अशी मर्यादा घालावी लागली. परत करता येतं अशी खात्री असती, तर त्या लोकांनी हात आखडला असता का? उलट, आधी भरून ठेवू, नंतर बघू, असंच झालं असतं.

आता दुसरी बाजू, कारण भागीदाराचं वाक्य मला याहून जास्त खटकतं. त्याच वाक्याची पाटी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गल्ल्यामागे टांगलेली असते आणि तिच्या आडून खवट दाणे आणि मुदत उलटलेली बिस्किटं खपवली गेली आहेत. आपल्या इथल्या २०१९च्या ग्राहक कायद्यानेही सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांची धरतात. सिंगापुरात १ सप्टेंबर २०१२ पासून 'लेमन लॉ' आहे. मन बदललं म्हणून परत घेण्याची सक्ती तो करत नाही, पण माल सदोष असेल तर बदलून दे, नाहीतर भाव कमी कर किंवा पैसे परत कर, असं सांगतो. दोष सुरुवातीपासूनच होता असं धरण्याची त्यातली सहा महिन्यांची मुदत नाशवंत जिन्नसाला जशीच्या तशी लागत नाही, म्हणून निवांत राहू नकोस. गिऱ्हाईक 'केस' या ग्राहक संघटनेकडे जाण्याआधी त्याचे पैसे त्याच्या हातात पडले पाहिजेत. बिल हरवलं असलं तरी पाकीट आपलं आहे हे तुला कळतंच ना?

एप्रिल २०२४ लक्षात ठेव. एव्हरेस्टच्या फिश करी मसाल्यात इथिलीन ऑक्साइड प्रमाणाबाहेर सापडलं आणि सिंगापूरच्या अन्न संस्थेने आयातदाराला तो माल बाजारातून परत बोलावायला लावला. लगेच धोका नाही, पण असा मसाला खाऊ नका, असं संस्थेने सांगितलं होतं. अशा वेळी अर्धं पाकीट वापरलेलं असलं तरी पूर्ण पैसे द्यायचे. प्रत्येक खोक्याचा बॅच क्रमांक आणि तारीख वहीत उतरवून ठेव, म्हणजे कोणता माल काढायचा हे शोधत बसावं लागणार नाही.

आणि चूक नेहमी मालातच असते असं नाही. उपासाची भाजणी आणि थालीपिठाची भाजणी, दोन्ही पाकिटं सारख्याच रंगाची, शेजारी शेजारी. एकादशीच्या आदल्या दिवशी कुणी आजी घाईत थालीपिठाची घेऊन जाते, घरी चष्मा लावून वाचते तर त्यात गहू नि उडीद. तिला 'तुम्ही बघून घ्यायला हवं होतं' म्हणायचा तुला अधिकार नाही. मांडणी तुझी, म्हणून चूकही तुझी. तिला हवं ते पाकीट दे आणि परत आलेल्याची थालीपिठं तुमच्या घरी लावा.

बाकी, लोकांना नकोसं होतं ते बहुधा आपण जास्त गळ्यात मारतो म्हणून. नाचणीचं पीठ पहिल्यांदा नेणाऱ्याला दोन किलोची पिशवी देऊ नकोस, पाव किलोची ठेव. लोणची नि चटण्या चाखायला दे. दिवाळीच्या फराळाची मागणी आधीच नोंदवून घे आणि तेवढाच माल मागव. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासदांकडून महिन्याची यादी आधी घेते आणि मगच माल आणते. शेजारपाजारची कुटुंबं तो आपसात वाटून घेतात. तुमच्या महाराष्ट्र मंडळातल्या घरांना हे सहज जमेल.

कुणी न उघडलेली, मुदत शिल्लक असलेली डाळ परत आणलीच, तर त्यांना 'फूड बँक सिंगापूर'चा पत्ता दे. ही संस्था २०१२ पासून असं अन्न गरजूंपर्यंत पोचवते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या संसदेने अन्नदान करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदाही केला आहे. अन्न देताना ते सुरक्षित असलं पाहिजे आणि ते कसं ठेवायचं हे घेणाऱ्याला सांगितलं पाहिजे. नकार देताना पाटीकडे बोट दाखवू नकोस. का घेत नाही ते तोंडाने सांग, 'तुम्ही परत केलेलं मी दुसऱ्याला विकणार नाही, आणि दुसऱ्याचं तुम्हाला विकणार नाही.' बहुतेकांना ते पटतं. ज्यांना पटणार नाही त्यांना जाऊ दे.

बिलावर एवढंच छाप: 'खराब, मुदत संपलेला किंवा आमच्या चुकीने दिलेला जिन्नस बदलून मिळेल किंवा पैसे परत मिळतील. इतर कारणाने खाद्यपदार्थ परत घेतले जात नाहीत.' मराठीत, इंग्रजीत आणि तमिळमध्येही, आणि तोच मजकूर गल्ल्यावर मोठ्या अक्षरांत लाव, म्हणजे पैसे देण्याआधी वाचता येईल. भागीदाराला हे पत्र वाचून दाखव, आणि छापायला देण्याआधी मजकूर मला पाठव.

तुझी,
आत्या