मतपेटी आणि थैली

निवडणूक म्हटली कीं खर्च आलाच. तो कोणीं करावा आणि कोणास कळवावा, या प्रश्नावर अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांपैकीं मोंटाना या संस्थानानें शंभर वर्षें झगडा केला. ती हकीकत आम्ही येथें देत आहों.

मोंटानांत ब्यूट येथें तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या व त्यांचे धनी राजांप्रमाणें वागत. त्यांपैकीं विल्यम क्लार्क यास देशाच्या वरिष्ठ सभेंत जाण्याची इच्छा झाली. त्या काळीं या सभेचे सभासद लोक निवडीत नसत, संस्थानाचें कायदेमंडळ निवडी. मतदार थोडे, म्हणूनच विकत घेण्यास सोपे! १८९९ च्या जानेवारींत व्हाइटसाइड नांवाच्या सभासदानें ३०,००० डॉलर सर्वांपुढें ठेवून, हा लांच म्हणून दिलेला पैसा होय, असें सांगितलें. तरीही क्लार्क निवडून आला. वरिष्ठ सभेच्या समितीनें ती निवड अग्राह्य ठरविली, तेव्हां १९०० मध्यें त्यानें राजीनामा दिला. (पुढच्याच वर्षीं तो पुन्हां निवडून गेला, हेंही सांगितलें पाहिजे.)

१९१२ सालीं लोकांनीं स्वतः मत देऊन कायदा केला कीं, उमेदवारास निवडून आणण्यासाठीं वा पाडण्यासाठीं कंपन्यांनीं पैसा देऊं नये.

२०१० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सिटिझन्स युनायटेड खटल्यांत ठरविलें कीं, उमेदवाराशीं संगनमत न करतां प्रचारार्थ खर्च करणें हें भाषणस्वातंत्र्यच असून तें कंपन्यांसही आहे. मोंटानाच्या न्यायालयानें आपला इतिहास पुढें करून २०११ त जुना कायदा उचलून धरला. २०१२ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल पांच विरुद्ध चार मतांनीं फिरविला.

कागद आणि छपाई फुकट मिळत नाहीं. तेव्हां बोलण्यास पैसा लागतो, हें न्यायालयाचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हे. पण दारीं आलेलें पत्रक कोणाच्या पैशानें छापलें, हें मतदारास कळूं नये काय? भाजी घेतांना गृहिणी विकणाराचें तोंड पाहते. येथें विकणारा पडद्याआड, आणि माल म्हणजे राज्यकारभार!

मोंटानानें २०१५ सालीं याच बाजूनें वाट काढली. मतदान सुरू होण्यापूर्वींच्या साठ दिवसांत उमेदवाराचें नांव घेऊन जी मंडळी खर्च करील, तिनें तो खर्च आणि त्यासाठीं पैसे देणारांचीं नांवें जाहीर करावीं, असा कायदा झाला. खर्चास त्यानें मर्यादा पडत नाहीं. थैलीवर नांव लिहिलें जातें, इतकेंच. त्याविरुद्धही दावा झाला. २०१९ सालीं अपील-न्यायालयानें कायद्याचा मुख्य भाग कायम ठेविला.