वजन उतरवायचंय? आधी उपकेंद्र, मग ॲप

मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या खेड्यातून जालन्याला दाखवायला जायचं, तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं. बुडालेली रोजी मात्र कुणी भरून देत नाही. वजनासाठी तर महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. म्हणून फोनवरचा सल्ला परवडतो. कुणाचा घेता, यावर खर्च ठरतो.

सुरुवात गावच्या उपकेंद्रातून, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून करा. तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तिथं फुकट तपासतात. तिथले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ‘ई-संजीवनी’ या सरकारी ॲपवर मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणंही करून देतात. हेच ॲप घरच्या फोनवर चालतं: ओटीपी टाका, टोकन घ्या, नंबर आला की डॉक्टर बोलतात, चिठ्ठी फोनवरच येते. फी शून्य, खर्च फक्त डेटाचा. रेंज धड नसेल तर उपकेंद्रच बरं.

बोलण्याआधी वजन, उंची आणि पोटाचा घेर लिहून ठेवा. शिंप्याची टेप पुरते. श्वास सोडून मोजा, निऱ्यांवरून नको. पुरुषाचा घेर 90 आणि बाईचा 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर सांभाळायला हवं. आपल्याकडे बीएमआय (वजन-उंचीचा निर्देशांक) 25 झाला की लठ्ठपणा धरतात. परदेशी ॲप 30 धरतात. पाच फूट उंचीच्या, 62 किलोच्या बाईचा बीएमआय 27च्या घरात जातो. असं ॲप तिला ‘थोडं जास्त’ म्हणून सोडून देईल.

खासगी ॲपचे पैसे भरण्याआधी फुकटची आवृत्ती वापरून बघा. तिच्यात ज्वारीची भाकरी, पिठलं सापडत नसेल आणि नुसतं ओट्स-क्विनोआच येत असेल, तर पुढं जाऊ नका. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. 2020च्या टेलिमेडिसिन नियमांत तो बंधनकारक आहे. आणि ॲप फोनमधून काढलं म्हणून हप्ता थांबत नाही. यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे बंद करा. पैसे अडकले तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

काही ॲप वजन उतरवायच्या इंजेक्शनकडे वळवतात. ‘मौंजारो’ 2025 मध्ये भारतात आलं, तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 आणि 5 मिलिग्रॅमची 4,375 रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला 14,000 ते 17,500. बंद केलं की वजन बहुधा परत चढतं. हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर ॲपनं सांगितलेला उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. साखर एकदम उतरू शकते.