घाटात बाटली का फुटते? उंचीला नाही, उन्हाला घाबरा!

मागच्या व्हिडिओखाली एका भावाने विचारलं होतं, "सर, माझी पिकअप आहे. बीअरच्या बाटल्या चिखलदऱ्याला पोचवायचं काम मिळतंय. उंचावर गेल्यावर बाटल्या फुटतात म्हणे, खरं का?" प्रश्न एकदम कामाचा आहे. सोडा, कोल्ड्रिंक, बीअर, गॅस असलेला कोणताही बाटलीबंद माल नेणाऱ्याने हा धडा नीट वाचावा.

आधी माझा घाटा

ताईचं सासर परतवाड्याचं, आणि भाऊजींचं चिखलदऱ्याला छोटं हॉटेल आहे. मी आमगावात मसाला सोडा सुरू केला तेव्हा भाऊजींनी पहिली ऑर्डर दिली, 3 क्रेट, म्हणजे 72 बाटल्या. मे महिना होता. सकाळी 11 ला गाडी भरली, वर काळी ताडपत्री टाकली आणि निघालो. पोचलो तेव्हा 17 बाटल्या फुटलेल्या.

हिशेब बघा. काचेसकट एक बाटली मला 14 रुपयांना पडायची, विकायचो 18 ला. नफा 4 रुपये.
- 55 चांगल्या बाटल्यांचा नफा: 220 रुपये
- 17 फुटलेल्यांचं नुकसान: 238 रुपये
- म्हणजे 18 रुपये घाटा, आणि गाडीभाडं वेगळंच!

एक बाटली फुटली की साडेतीन बाटल्यांचा नफा जातो, हे लिहून ठेवा. भाऊजी म्हणाले, "फुटल्याचे पैसे पण घे बाबू." मी नाही घेतले. पण पुढच्या सीझनला त्यांनी सोडा परतवाड्यातूनच घेतला. नातं राहिलं, गिऱ्हाईक गेलं.

मग बाटली फोडते कोण?

मलाही तेव्हा वाटलं, घाटामुळेच झालं. चिप्सचं पाकीट घाटात फुगतं ना, तसंच. पण पाकीट मऊ असतं, आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा असतो. बाहेरचा थोडा कमी झाला की ते लगेच फुगलेलं दिसतं. बाटलीत मात्र गॅस आधीच दाबून भरलेला असतो.

कारच्या टायरात आपण 32-33 पॉइंट हवा भरतो, त्याच मापाने बघू. साधारण बीअरच्या बाटलीत अंदाजे असा दाब असतो:
- फ्रीजमध्ये: 12 ते 15
- 20 अंशाला: 25 च्या आसपास
- 40 अंशाला: 45 ते 50

आता उंची. आमगाव समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या आसपास, चिखलदरा 1,100 च्या आसपास. एवढं चढल्यावर बाटलीवरचा ताण वाढतो एक-दीड पॉइंट! अगदी लेहला, साडेतीन हजार मीटरवर नेली तरी साडेचारच्या आसपास. आणि आपल्या विदर्भाचं ऊन? तीस-पस्तीस पॉइंट! कारण माल गरम झाला की त्यात विरघळलेला गॅस बाहेर येतो आणि झाकणाखालची जागा दाबतो. माझ्या बाटल्या घाटाने नाही, काळ्या ताडपत्रीने फोडल्या. उरलेल्या धक्क्यांनी.

बीअर असेल तर आधी कागद

आमच्या पिकअपवाल्या भावासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. बीअरही कायद्याने दारूच आहे. धंद्याचा माल लायसन्सवाल्याचाच हवा, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वाहतूक परवाना व बिल गाडीत हवं. नागपूरहून अमरावतीकडे जाताना हायवे कारंजा-तळेगाववरून, म्हणजे वर्धा जिल्ह्यातून जातो, आणि वर्ध्यात दारूबंदी आहे. शेजारच्या गडचिरोलीतही 1993 पासून बंदी आहे. आमगावहून छत्तीसगड आणि मध्य प्रदेश दोन्ही जवळ, पण तिकडची स्वस्त बाटली परवान्याशिवाय इकडे आणणं हा गुन्हा आहे. मार्ग परवान्यात लिहिलेला असेल तोच धरा. "मालकाने सांगितलं होतं" हे नाक्यावर चालत नाही, गाडी तुमची अडकते.

गाडी भरायच्या 7 गोष्टी

1. माल आदल्या रात्री थंड जागी ठेवा. संध्याकाळी भरा, रात्री चालवा, सकाळी पोचा.
2. काळी ताडपत्री नको. पांढरी घ्या, आणि माल व ताडपत्रीच्या मध्ये हवा खेळू द्या.
3. बाटली काठोकाठ भरलेली नको. झाकणाखाली रिकामी जागा हवीच, नाहीतर गरम झालेल्या द्रवाला फुगायला जागा राहत नाही.
4. जुन्या बाटल्या उजेडात धरून बघा. ओरखडा, टवका दिसला की बाजूला. काच तिथूनच जाते.
5. बाटल्या उभ्या, खणाच्या क्रेटमध्ये. एकही खण सैल नको, पुठ्ठा कोंबा. क्रेट दोरीने घट्ट बांधा.
6. बीअर उन्हात ठेवू नका. उजेडाने तिला वाईट वास येतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पांढरी कमी.
7. पोचल्यावर लगेच उघडू नका. एक दिवस सावलीत उभ्या ठेवा, मग थंड करा. हलवलेली बाटली उघडली की फेसच फेस. आणि तापलेली काच एकदम बर्फात टाकू नका, तडकते.

लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यात गोष्ट उलटी होते. बीअर उणे 2-3 अंशाला गोठू लागते. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे 9 टक्के जागा जास्त घेतो, आणि काच ताणत नाही. तिथे गाडीत रात्रभर माल सोडायचा नाही.

आजचा गृहपाठ

तुमच्या मालाचा एक नग फुटला तर किती नगांचा नफा जातो? खर्चाला नफ्याने भागा. जो आकडा येईल तो क्रेटवर खडूने लिहा. गाडी भरणारा पोरगाही मग सांभाळून ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

दोन वर्षांनी भाऊजींनी परत 72 बाटल्या मागितल्या. रात्रीच नेल्या. फुटली एक. तिचे 14 रुपये मी आधीच भावात धरले होते.

भेटू पुढच्या धड्यात!