मी पाहिलेले तीन चित्रपट

चित्रपट पाहून घरी आल्यावर कोणी विचारले, 'कसा वाटला?' तर तुम्ही काय सांगता? 'छान होता' एवढेच ना? मीही तसेच म्हणत असे. मग माझी मुलगी विचारू लागली, 'बाबा, छान म्हणजे काय?' तेव्हा मला उत्तर शोधावे लागले. अलीकडे आम्ही दोघांनी घरी तीन जुने चित्रपट पाहिले. त्यांविषयी मला काय वाटले, ते सांगतो.

पहिला चित्रपट इराणचा. माजिद मजीदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (1997). त्याच्या मूळ फारसी नावात 'आसमान' हा शब्द आहे. तो तुमच्या उर्दूत आहे आणि मराठीतही 'अस्मान' म्हणून आहे. छोट्या अलीच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. घरी गरिबी. वडिलांना सांगायचे कसे? मग दोघे भावंडे एकच जोड वापरतात. झहरा सकाळच्या शाळेतून धावत येते, गल्लीत बूट काढून देते आणि अली ते घालून शाळेकडे पळत सुटतो.

एक दिवस झहराला आपले बूट दुसऱ्या मुलीच्या पायात दिसतात. दोघे तिच्या घरापर्यंत जातात. पाहतात तर तिचे वडील आंधळे! दोघे काही न बोलता परत फिरतात. मला हा प्रसंग सर्वांत आवडला. कोणी भाषण करत नाही, कोणी रडत नाही. तरी सारे कळते. शेवटची शर्यत मात्र मला जरा लांबलेली वाटली. तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार असतात आणि अली पहिला येतो! पहिला येऊन रडणारा मुलगा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसरा 'श्वास' (2004). दिग्दर्शक संदीप सावंत. याला उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोकणातले आजोबा नातवाला शहरातील डॉक्टरांकडे आणतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग असतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा कोणाला न सांगता नातवाला रुग्णालयातून बाहेर नेतात, जग डोळे भरून दाखवायला. इथे आमच्या घरी वाद झाला. मुलगी म्हणाली, 'आजोबा चुकले. डॉक्टरांना विचारायला हवे होते.' मी म्हणालो, 'विचारले असते तर परवानगी मिळाली असती का?' ती म्हणाली, 'आणि मुलाला काही झाले असते तर?' मला उत्तर देता आले नाही.

तिसरा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009). दादासाहेब फाळके यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' कसा तयार केला, त्याची ही गोष्ट. राणीच्या कामासाठी बाई मिळेना, म्हणून पुरुषाला साडी नेसवावी लागली! आम्ही पोट धरून हसलो. परंतु घरातील सामान विकले जाते, तरी सरस्वतीबाई हसतमुखच. मला हे पटले नाही. माझ्या मुलीला मात्र तोच भाग आवडला. आता रविवारी आम्ही तो पुन्हा पाहणार आहोत.

स्वाध्याय
1. अली पहिला येऊनही का रडला?
2. 'श्वास'मधील आजोबांचे वागणे तुम्हांला योग्य वाटते का? कारण सांगा.
3. तुम्ही पाहिलेल्या एका चित्रपटातील न आवडलेल्या प्रसंगाविषयी पाच वाक्ये लिहा.