गाडीमागे गाडी : उलाळ आणि धुरजड



बेळगाव-निपाणी पट्ट्यात बदली ही काही नवी गोष्ट नाही. मे महिना आला की कुणी पुण्याला जाते, कुणी बंगळूरला. सामान ट्रकमध्ये चढते आणि मग प्रश्न उरतो तो घरच्या मोटारीचा. २०२३ च्या उन्हाळी सुटीत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबापुढे हाच प्रश्न होता. मोटारीचा क्लच गेलेला होता आणि सामानाचा ट्रक पुण्याला निघाला होता. ट्रकवाला म्हणाला, "मागं दोर लावून घेऊया की ओ सर, वेगळा खर्च कशाला?" सरांनी मान डोलावली आणि ते स्वतः मोटारीत स्टिअरिंगवर बसले.

चढावर आणि सपाटीला सगळे ठीक चालले होते. संकेश्वर मागे पडले आणि तवंदी घाटाचा उतार लागला. पुढे काहीतरी आडवे आले म्हणून ट्रकने ब्रेक दाबला. ताणलेला दोर सैल पडला आणि मोटार ट्रकच्या मागच्या फळीवर जाऊन आदळली. बोनेट चेपले आणि सरांच्या मनगटाचे हाड मोडले. एवढ्यावर निभावले. ते आम्हाला नंतर म्हणाले, "मी ब्रेक दाबत होतो, पण पेडल दगडासारखे झाले होते."

पेडल दगडासारखे का झाले, हे नववी-दहावीच्या मुलांनी समजून घ्यावे. मोटारीत आपल्या पायाच्या जोराला मदत करणारा एक डबा असतो. इंजिन चालू असताना त्यात निर्वात तयार होतो आणि हवेचा दाब आपल्या बाजूने ब्रेक ढकलतो. इंजिन बंद असले की साठलेला निर्वात दोन-तीनदा पेडल दाबले की संपतो, आणि मग सगळा जोर एकट्या पायाला लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंगची मदतही तशीच जाते.

आता गणित करू. दोर पाच मीटरचा धरा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. पुढच्या ट्रकने जोरात ब्रेक लावला आणि मागच्याला ते कळून पाय हलेपर्यंत दीड सेकंद गेला, तर पाच मीटरचे अंतर तेवढ्यातच संपते. (ट्रकचा वेग सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो असे धरून वहीत करून पाहा.) दोर ओढू शकतो, पण थोपवू शकत नाही. खरे दुखणे हे आहे.

म्हणूनच १९८९ च्या रस्ता-नियमावलीने बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेण्याचीच मुभा दिली होती. दोन गाड्यांत पाच मीटरहून जास्त अंतर नको, मागच्या गाडीत परवानाधारक चालक हवा किंवा तिची पुढची चाके उचललेली हवीत, मागे पाटी हवी आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत हवा, असे ते नियम होते. २०१७ साली त्या जागी नवी नियमावली आली. ताशी २४ ने बेळगाव ते पुणे हे सुमारे ३४० किलोमीटर जायला चौदा तास लागतील. म्हणजे घर हलवताना गाडी बांधून नेणे हा विचार मुळातच बसत नाही. गाडी चालवत न्यावी, नाहीतर गाड्या वाहणाऱ्या लॉरीवर चढवून न्यावी.

अमेरिकेत मात्र हे सर्रास चालते. १९४५ साली सुरू झालेल्या 'यू-हॉल' या कंपनीचा ट्रक भाड्याने घ्यायचा, स्वतःच चालवायचा आणि मागे ट्रेलरवर आपली मोटार. आपल्या भागातून तिकडे गेलेल्यांनाही हे नवे राहिलेले नाही. तिथे दोर नसतो, पक्का सांधा असतो. तरीही ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा ती कंपनी घालते. दुसरा नियम असा की मोटार ट्रेलरवर तोंड पुढे करूनच चढवायची, उलटी कधीच नाही.

हा दुसरा नियम वाचून आम्हाला हसू आले, कारण तो आपल्या आजोबांना ठाऊक होता! बैलगाडी भरताना ओझे आखाच्या मागे जास्त झाले की गाडी 'उलाळ' होते. जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. ओझे पुढे फार झाले की ती 'धुरजड' होते आणि बैलाची मान दबते. जाणता गाडीवान ओझे किंचित पुढे ठेवतो. ट्रेलरचेही तेच. मोटारीचे इंजिन बहुधा पुढे असते, म्हणून तोंड पुढे. ट्रेलर उलाळ झाला तर पुढच्या गाडीची मागची चाके हलकी होतात आणि ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. तसे झाले तर ब्रेकवर उभे राहू नये. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. गाडीवान हे शाळेत शिकला नव्हता, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

हे झोके पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कारखान्याकडे जाताना पाहा. मागची ट्रॉली खड्ड्यातून बाहेर येताना कशी हेलकावते! आणि आमची काही मुले शाळा सुटल्यावर सायकलवरून त्याच ट्रॉलीला धरून ओढत जातात किंवा मागून ऊस उपसतात. चालकाला मागच्या ट्रॉलीमागचे मूल दिसतच नाही. पालकांनी हंगाम सुरू होण्याआधी घरी याविषयी बोलावे. आम्ही वर्गातही बोलणार आहोत. वहीतले गणित करून आणणाऱ्याने ट्रॉलीचा वेग ताशी १५ किलोमीटर धरून आणखी एक उदाहरण सोडवावे : ट्रॅक्टर अचानक थांबला, तर तिच्या मागे दोन मीटरवर असलेल्या सायकलस्वाराला किती वेळ मिळेल?