भिडू निवडण्याचे गणित

मालेगावात मोसम नदीच्या अलीकडे पाहा की पलीकडे पाहा, संध्याकाळी मोकळी जागा मिळाली की मुले खेळायला जमतातच. खेळ कोणताही असो, त्याआधी एक काम उरकावे लागते, ते म्हणजे भिडू वाटून घेणे. हे काम तुम्ही शेकडो वेळा केले असेल. पण त्यात किती गणित दडलेले आहे, याचा विचार कधी केला आहे का? अमेरिकेतील बास्केटबॉलचे धनाढ्य संघ दरवर्षी हेच काम करतात आणि ते न्याय्य कसे व्हावे यावर तिथे कित्येक वर्षे वाद चालू आहे. आज आपण त्या वादाचा थोडा अभ्यास करू या.

तीन रीती

समजा, बास्केटबॉल खेळायला दहा मुले जमली आहेत. प्रत्येक संघात पाच हवेत. मुलांच्या खेळाला आपण १० पासून १ पर्यंत गुण देऊ. सर्वांत चांगल्या खेळाडूला १०, त्याच्या खालच्याला ९, असे करत अगदी नवख्याला १. दोन कप्तान आहेत, ते स्वतः खेळत नाहीत. त्यांना आपण पहिला आणि दुसरा म्हणू.

पहिली रीत आळीपाळीची. पहिला कप्तान १० गुणांचा खेळाडू घेतो, दुसरा ९ चा, पुन्हा पहिला ८ चा, दुसरा ७ चा. शेवटी काय होते?

पहिला संघ : १० + ८ + ६ + ४ + २ = ३०
दुसरा संघ : ९ + ७ + ५ + ३ + १ = २५

फरक ५ गुणांचा पडला. दोघांनाही पाच पाच पाळ्या मिळाल्या, तरीही पहिल्याचा फायदा झाला, कारण प्रत्येक फेरीत तो दुसऱ्याच्या एक पाऊल पुढे राहिला.

दुसरी रीत नागमोडी पाळीची. पहिल्या फेरीत पहिला कप्तान आधी निवडतो, दुसऱ्या फेरीत दुसरा आधी, तिसऱ्या फेरीत पुन्हा पहिला. आता बेरीज पाहा.

पहिला संघ : १० + ७ + ६ + ३ + २ = २८
दुसरा संघ : ९ + ८ + ५ + ४ + १ = २७

नुसता क्रम बदलल्याने फरक ५ वरून १ वर आला.

तिसरी रीत आपल्याकडची जुनी. साधारण सारख्या ताकदीचे दोन दोन खेळाडू जोडीने बाजूला जातात, गुपचूप नावे ठरवतात आणि गळ्यात हात घालून परत येतात. मग एका कप्तानाला विचारतात, "आंबा पाहिजे की चिंच?" तो जे नाव सांगेल तो भिडू त्याचा, उरलेला दुसऱ्याचा. म्हणजेच प्रत्येक जोडीसाठी जणू एकदा नाणे उडवले जाते.

या रीतीचे गणित मोठे गमतीचे आहे. जोड्या पाच : १० व ९, ८ व ७, ६ व ५, ४ व ३, २ व १. प्रत्येक जोडीत फरक एकाच गुणाचा. प्रत्येक जोडी दोन प्रकारे वाटली जाऊ शकते, म्हणून एकूण प्रकार २ × २ × २ × २ × २ = ३२. यांपैकी २० प्रकारांत दोन्ही संघांमधला फरक १ गुण राहतो, १० प्रकारांत ३ गुण आणि केवळ २ प्रकारांत ५ गुण. आळीपाळीच्या रीतीत जो ५ गुणांचा फरक नेहमीच पडतो, तो इथे ३२ मध्ये दोनदाच पडतो!

या रीतीचा आणखी एक गुण बेरजेत दिसत नाही. आळीपाळीच्या निवडीत कोणीतरी एकजण सर्वांसमक्ष शेवटी उरतो. रोज शेवटी उरणारा मुलगा हळूहळू मैदानावर यायचाच बंद होतो. जोडीच्या रीतीत कोणीच 'उरत' नाही, कारण प्रत्येक जण आपल्या बरोबरीच्या सोबत्याबरोबर येतो.

दुबळ्याला आधी संधी

आता अमेरिकेत जाऊ. तिथल्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये, म्हणजे एन.बी.ए.मध्ये, ३० व्यावसायिक संघ खेळतात. महाविद्यालयांतून आणि परदेशांतून आलेले नवे खेळाडू हे संघ दरवर्षी क्रमाने निवडतात. या निवडीला 'ड्राफ्ट' म्हणतात. तो १९४७ पासून चालत आला आहे.

इथे अडचण निराळी आहे. आपली दहा मुले खेळ संपल्यावर घरी जातात आणि उद्या नव्याने वाटणी होते. व्यावसायिक संघ मात्र वर्षानुवर्षे तेच राहतात. बलाढ्य संघ बलाढ्यच राहिला, तर सामन्यांत चुरस उरणार नाही. म्हणून ड्राफ्टचे मूळ तत्त्व असे की, गेल्या हंगामात जो सर्वांत जास्त हरला त्याने आधी निवडावे.

वरवर पाहता हे न्याय्य वाटते. पण विचार करा. हंगाम संपत आला आहे, तुमचा संघ खालून तिसरा आहे आणि विजेतेपदाची आशा संपली आहे. आता आणखी सामने जिंकलात, तर निवडीत तुमचा क्रमांक मागे जाणार. मग जिंकायचे कशाला? दुबळ्याला मदत करणारा नियमच हरण्याचा मोह निर्माण करतो.

चिठ्ठीची कहाणी

हा मोह कमी करण्यासाठी नियम कसे बदलत गेले, ते पाहण्यासारखे आहे.

१९६६ ते १९८४ या काळात, दोन विभागांत तळाला राहिलेल्या दोन संघांमध्ये नाणे उडवून पहिली निवड कोणाची ते ठरत असे. १९८५ मध्ये सोडत आली. त्या वर्षी बाद फेरीत न पोहोचलेल्या सात संघांना सारखीच संधी देण्यात आली. मोह कमी झाला, पण सर्वांत दुबळ्या संघाला विशेष आधारही राहिला नाही.

१९९० पासून 'वजनदार' सोडत सुरू झाली. अकरा संघांपैकी तळाच्या संघाला ११ संधी, त्याच्या वरच्याला १०, असे करत सर्वांत वरच्याला एक. १ ते ११ ची बेरीज किती? ६६. म्हणजे तळाच्या संघाची संभाव्यता ११/६६ आणि वरच्याची १/६६. आणि १९९३ मध्ये नेमके काय घडावे? ६६ मध्ये फक्त एक संधी असलेल्या ऑरलँडो संघाचाच पहिला क्रमांक निघाला! त्याच्या आदल्या वर्षीही सोडत त्यांनीच जिंकली होती.

यानंतर पद्धत पुन्हा बदलली. १ ते १४ आकड्यांचे चौदा चेंडू यंत्रात घोळवून त्यांतून चार काढायचे, असे ठरले. चेंडूंचा क्रम पाहायचा नाही, कोणते चार निघाले एवढेच पाहायचे. चौदातून चार निवडण्याचे प्रकार किती?

(१४ × १३ × १२ × ११) ÷ (४ × ३ × २ × १) = २४०२४ ÷ २४ = १००१

खाली २४ ने का भागले? कारण तेच चार चेंडू २४ वेगवेगळ्या क्रमांनी निघू शकतात आणि आपल्याला ते सर्व क्रम एकच मानायचे आहेत. १००१ पैकी एक प्रकार बाजूला ठेवला की बरोबर १००० उरतात. हे हजार प्रकार संघांमध्ये आधीच वाटून दिले जातात. तळाच्या संघाला त्यांतले २५० मिळत, म्हणजे संभाव्यता २५ टक्के.

पण तळाला एवढा लाभ, म्हणून पुन्हा मुद्दाम हरण्याची कुजबुज सुरू झाली. शेवटी २०१९ च्या सोडतीपासून तळाच्या तीनही संघांना सारखेच, प्रत्येकी १४० प्रकार देण्यात आले. आता तळाला जाऊन दुसऱ्या-तिसऱ्यापेक्षा जास्त संधी मिळेना. तरी नशीब ते नशीबच. २०२५ मध्ये हजारापैकी फक्त १८ प्रकार हाती असलेल्या डॅलस संघाने पहिली निवड मिळवली. १.८ टक्के संभाव्यता म्हणजे 'अशक्य' नव्हे, एवढा धडा यातून घ्यावा.

दुबळ्याला मदत जास्त केली तर हरण्याचा मोह वाढतो. मोह मारला तर मदत घटते. गणित या दोन टोकांमधल्या जागा नेमक्या मोजून देते. त्यांपैकी कोणती जागा योग्य, ते मात्र माणसांनाच ठरवावे लागते.

पहिला क्रमांक मिळाला, पुढे काय?

आधी निवडायला मिळाले म्हणजे योग्यच निवड होते, असे नाही. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर हकीम ओलाजुवान याला घेतले. तो पुढे थोर खेळाडू झाला. दुसरी पाळी पोर्टलँडची होती. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर हा उत्तम खेळाडू होता, तोही मायकेल जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा. कमतरता होती ती बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, म्हणून त्यांनी सॅम बोवी याला निवडले. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने जॉर्डनला घेतले आणि पुढे त्याच्यासह सहा अजिंक्यपदे मिळवली. बोवीची कारकीर्द मात्र पायाच्या दुखापतींनी कुरतडली गेली. उलट २०१४ मध्ये तब्बल ४१ व्या क्रमांकावर निवडला गेलेला सर्बियाचा निकोला योकिच पुढे जगातील सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणला गेला. २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला पंजाबचा सतनाम सिंग हा या ड्राफ्टमधला पहिला भारतीय. पण एन.बी.ए.च्या हंगामातील एकही सामना खेळण्याची संधी त्याला मिळाली नाही.

तज्ज्ञांचे अंदाज असे का चुकतात? एक कारण म्हणजे अपुरा नमुना. समजा, एका मुलाने दहा फ्री थ्रो मारून सात बास्केट केल्या आणि दुसऱ्याने शंभर मारून साठ. कोण चांगला? टक्केवारीने पहिला. पण थांबा. ज्याचा नेम निम्म्या वेळाच लागतो असा मुलगासुद्धा दहापैकी सात किंवा अधिक बास्केट करण्याची संभाव्यता १७६/१०२४, म्हणजे सुमारे १७ टक्के असते. अशी सहा मुले आणली, तर त्यांतला एखादा केवळ योगायोगाने 'हिरा' वाटेल. तोच मुलगा शंभरात साठ किंवा अधिक करण्याची संभाव्यता मात्र सुमारे तीनच टक्के. म्हणून साठवाल्याची खात्री अधिक. शाळेचा संघ एका दुपारच्या चाचणीवर निवडू नये, ते यासाठीच.

लिलावाचे गणित

आपल्याकडे व्यावसायिक कबड्डीत खेळाडू प्रामुख्याने लिलावातून घेतले जातात. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. इथे पाळी नसते, पण प्रत्येक संघाच्या खर्चाला सारखीच मर्यादा असते. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाला ३६.४ लाख रुपयांत मिळाला. त्या हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. खेळाडू तोच, फक्त आता सर्वांना त्याची पारख झाली होती. इतरांच्या आधी पारख करणे हीच संघबांधणीतली खरी कमाई.

मर्यादित पैशात सर्वोत्तम संघ कसा घ्यावा? एक छोटे उदाहरण घेऊ. तुमच्याजवळ १०० रुपये आहेत.

अ : किंमत ६०, गुण ९
ब : किंमत ४०, गुण ७
क : किंमत ३०, गुण ६
ड : किंमत ३०, गुण ६

सर्वांत चांगला म्हणून आधी अ घेतला, तर उरलेल्या ४० रुपयांत ब येतो. एकूण गुण १६. पण अ ला सोडून ब, क, ड घेतले तर शंभरच रुपयांत १९ गुण! मग नामवंत खेळाडू घेऊच नये का? तसेही नाही. मैदानावर दोनच जागा असतील, तर ब आणि क मिळून १३ गुण होतात, आणि अ व ब ही १६ गुणांची जोडी सरस ठरते. पैशाइतकीच मैदानावरची जागाही मोलाची असते. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच खेळतात, कबड्डीत सात, क्रिकेटमध्ये अकरा. जागा जितक्या कमी, तितके एका असामान्य खेळाडूचे वजन जास्त. बास्केटबॉलमध्ये पहिल्या निवडीसाठी एवढी धडपड का, ते आता लक्षात आले असेल.

आपण गुणांची नुसती बेरीज केली, हेही विसरू नका. खरा संघ बेरजेने बनत नाही. मालेगावच्या यंत्रमागावर नुसता ताणा भरून कापड होत नाही, बाणाही लागतो. तसेच सातही चढाईबहाद्दर घेतले तर पकड कोण करणार? पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात पाच कोटींच्या मर्यादेतले २ कोटी ३५ लाख इराणच्या मोहम्मदरेझा शादलू या बचावाच्या मातब्बर खेळाडूवर खर्च केले. त्याच्याभोवती अहिल्यानगर जिल्ह्याच्या अस्लम इनामदारसारखे तरुण खेळाडू होते. अस्लमच्याच नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरयाणा स्टीलर्सवर २८–२५ अशी मात करून पलटणने पहिले अजिंक्यपद मिळवले.

करून पाहा

१. १ ते १० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. वर दिल्याप्रमाणे जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवून दोन संघ पाडा. असे ३२ वेळा करून फरकांचा तक्ता मांडा. २०, १०, २ याच्या जवळपास येते का? शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून सर्वांचे तक्ते एकत्र करावेत. नमुना वाढला की आकडे कसे स्थिरावतात, ते मुलांना दिसेल.

२. पाच चेंडूंतून दोन काढायचे आहेत. एकूण प्रकार किती? ते चार संघांना असे वाटा की तळाच्या संघाची संभाव्यता ४० टक्के आणि सर्वांत वरच्याची १० टक्के राहील.

३. वरच्या उदाहरणात तुमच्याजवळ १२० रुपये आहेत आणि मैदानावर तीनच जागा आहेत. कोणाला घ्याल?

उत्तरे : (२) १० प्रकार. तळापासून वर ४, ३, २, १ अशी वाटणी करता येते. (३) अ, क आणि ड. किंमत १२०, गुण २१.