जुन्या गाडीचा भरवसा

प्रस्तावना

जुन्या वस्तूंविषयी आपण दोन वाक्ये नेहमी ऐकतो. ‘जुने ते सोने’ हे एक आणि ‘आता हिचा काही भरवसा नाही’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये पुष्कळदा तपासून न पाहताच उच्चारली जातात. एखादे यंत्र भरवशाचे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला नेमके काय सांगायचे असते? एका जुन्या लहान मोटारीच्या निमित्ताने या पाठात त्या प्रश्नाचा विचार केला आहे. पाठातील कुटुंब काल्पनिक आहे. गाडीचा इतिहास मात्र खरा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• ‘भरवसा’ या शब्दाच्या अर्थच्छटा स्पष्ट करता येतील;
• जिव्हाळा आणि पारख यांतील फरक सांगता येईल;
• नोंदींच्या आधारे निष्कर्ष कसा काढावा, हे समजेल.

मूळ पाठ

(१) म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम भागात एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी १९८५ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी होती. घराण्याचे मूळ गाव सोलापूर. परंतु नोकरीच्या निमित्ताने प्राध्यापक म्हैसुरास आले आणि तेथलेच झाले. मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. २०२५ साली तशी वेळ पुन्हा आली, तेव्हा घरात प्रथमच मतभेद झाला. प्राध्यापकांच्या पत्नीला महिन्यातून दोनदा रुग्णालयात न्यावे लागत असे. मुलीने विचारले, “बाबा, आईला घेऊन जाताना गाडी वाटेत थांबली तर?”

“चाळीस वर्षांत तिने दगा दिलेला नाही,” प्राध्यापक म्हणाले.

“आठवणीवर नको, बाबा. तुमची वही द्या.”

(२) या गाडीशी म्हैसूरचे एक जुने नाते आहे. म्हैसूर संस्थानाचे माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात भारतात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना मांडली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. म्हैसूर संस्थानही साहाय्यास तयार होते. पण ब्रिटिश सरकारचे पाठबळ मिळाले नाही. वालचंदांनी १९४० मध्ये संस्थानाच्या सहकार्याने बंगळुरास विमानांचा कारखाना सुरू केला. मोटारींसाठी त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. तेथे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या एका जुन्या रूपाला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे गमतीचे नाव दिले होते. पुढे १९७० च्या दशकात हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्या काळी मोटार घेऊ इच्छिणाऱ्याला नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मिळालेली गाडी जपून वापरणे, बिघडली तर दुरुस्त करणे आणि पुन्हा वापरणे याला पर्यायच नव्हता. त्यामुळे गाडीचा मालक निम्मा कारागीर होत असे. पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन साधे होते आणि झाकण उघडताच त्याचे बहुतेक भाग हाताशी येत. थंडीच्या सकाळी चोक ओढावा लागे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात दमटपणा शिरला की ठिणगी पडत नसे; ते पुसून कोरडे केले की काम भागे. उन्हाळ्यात चढावर पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नसे. तेव्हा पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबावे लागे.

(३) १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ‘भरवसा’ या शब्दाचा अर्थ बदलू लागला. किल्ली फिरवावी आणि निघावे, एवढीच मालकाची अपेक्षा राहिली. पद्मिनीच्या मालकाचा भरवसा ‘बिघडली तरी दुरुस्त होईल’ असा होता. मारुतीच्या मालकाचा ‘बिघडणारच नाही’ असा झाला. दोन्ही भरवसे खरे. पण ते एकच नव्हेत.

(४) प्राध्यापकांच्या वहीत गाडीचा सारा जीवनक्रम होता. इंजिन ऑइल कधी बदलले, सीबी पॉइंट कधी घासले, कोणत्या दिवशी कोणता आवाज आला, सर्व तारीखवार. मुलीने दोन रात्री बसून ती वाचली आणि गाडी वाटेत बंद पडल्याच्या नोंदी वेगळ्या काढल्या. तिला एक गोष्ट आढळली. अशा बहुतेक प्रसंगांच्या आठ-पंधरा दिवस आधी वहीत एखादी लहानशी तक्रार लिहिलेली होती : ‘चोक जास्त ओढावा लागला’, ‘रेडिएटरचे पाणी लवकर कमी झाले’, ‘चढावर धाप लागते’. गाडीने पूर्वसूचना दिली होती. ‘पुढच्या रविवारी पाहू’ असे म्हणून माणसाने ती लांबणीवर टाकली होती.

प्राध्यापकांचा चेहरा उजळला. “म्हणजे दोष तिचा नाही!”

“तो नाही, बाबा. पण हे दोन पाहा,” मुलगी म्हणाली. एका नोंदीत ब्रेकचे तेल अचानक गळल्याचे लिहिले होते. दुसरीत मेकॅनिकने पायाखालच्या पत्र्याला गंज लागल्याचे दाखवले होते. या दोहोंच्या आधी कसलीही तक्रार नव्हती. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले होते आणि गाडीच्या जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. “तुम्ही तिची देखभाल केलीत, म्हणून ती चालली. पण वयाला देखभालीने किती आवर घालणार?”

प्राध्यापक बराच वेळ वहीची पाने चाळीत राहिले. शेवटी त्यांनी वहीत लिहिले : ‘नळ्या व ब्रेकचे रबर नवे घालणे. गंजलेला पत्रा बदलणे. रुग्णालयात जाण्यासाठी दुसरी गाडी.’ मग लेखणी थांबवून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली : ‘रविवारी चामुंडी टेकडीच्या पायथ्यापर्यंत हीच.’

(५) मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने पद्मिनीने अनेक दशके सेवा केली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. अनेकांना त्या दिवशी वाईट वाटले आणि ते स्वाभाविकच होते. तथापि, प्रवाशाचा जीव ज्या वाहनावर सोपवायचा, त्याची पारख हळहळीने करता येत नाही.

भरवसा हा यंत्राचा जन्मजात गुण नव्हे. यंत्र काय सांगते हे ऐकण्याची सवय, ऐकलेले वेळेवर करण्याची तत्परता आणि त्याच्याकडून आता काय मागू नये याची जाण, या तिन्हींतून तो घडतो. प्राध्यापकांना पहिली सवय होती, दुसरी अधूनमधून सुटत होती. तिसरी त्यांना मुलीने दिली.

शब्दार्थ

पारख – गुणदोषांची परीक्षा. पूर्वसूचना – आधी मिळालेला इशारा. नूतनीकरण – मुदत वाढवून घेणे. तत्परता – विलंब न करण्याची वृत्ती. हळहळ – मनाला लागलेली खंत.

स्वाध्याय

१. पद्मिनीच्या आणि मारुती ८०० च्या मालकांच्या ‘भरवशा’तील फरक स्पष्ट करा.
२. वहीतील नोंदींतून मुलीने कोणते दोन निष्कर्ष काढले?
३. ‘रविवारी चामुंडी टेकडीच्या पायथ्यापर्यंत हीच’ या ओळीतून प्राध्यापकांच्या मनाची कोणती अवस्था व्यक्त होते?
४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या यंत्राच्या बिघाडांची व दुरुस्तीची एक महिना नोंद ठेवा आणि त्यावरून दहा ओळी लिहा.